कुरणातून उचला, राईत राहू द्या

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात ब्रॉडबाल्क नावाचं एक शेत आहे. तिथे 1843 पासून गव्हावर प्रयोग चालू आहेत. 1882 साली या शेताच्या एका कडेचा साधारण अर्ध्या एकराचा तुकडा कुंपण घालून वेगळा काढला आणि त्यातला गहू न कापता तसाच उभा सोडला. पुढे त्या जमिनीचं काय होतं, एवढंच पाहायचं होतं.

गव्हाचा टिकाव लागला नाही. दाणे गळले, थोडे उगवले, पण तणापुढे त्यांचं काही चालेना आणि काही वर्षांतच गहू दिसेनासा झाला. मग वर्षानुवर्षं जगणारी गवतं आणि फुलझाडं आली, त्यांच्यात झुडपं शिरली, झुडपांतून झाडं वर आली. आज तिथे अ‍ॅश, सिकॅमोर, हॉथॉर्न आणि ओक यांचं दाट रान आहे. गर्द सावलीत जमिनीवर आयव्हीची वेल पसरली आहे.

याच अर्ध्या एकरातल्या एका भागात साधारण 1900 पासून दर वर्षी झाडाझुडपांची रोपं तेवढी उपटून टाकतात, बाकी कशालाही हात लावत नाहीत. तिथे रान झालंच नाही. उंच गवत आणि रानफुलं राहिली. 1957 पासून आणखी एका तुकड्यावर चराई आणि कापणी सुरू झाली, तर तिथे बुटकं, दाट गवत तयार झालं. माती एकच, पाऊसही एकच. तीन तुकड्यांची तीन रूपं झाली ती माणसाने तिथून काय काढून नेलं आणि काय राहू दिलं यामुळे.

ज्यांच्या मनात रानबाग, म्हणजे फुलांचं कुरण आणि झाडांची राई असलेली बाग, करायचं येतं त्यांना मी आधी ही गोष्ट सांगते. कारण ‘बाग निसर्गावर सोडली’ म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आता कात्री, विळा, खुरपं सगळं माळ्यावर ठेवायचं. तसं केलं तर काय होईल हे ब्रॉडबाल्कने दाखवलंच आहे: जिथे झाडं वाढण्याइतका पाऊस आणि माती आहे, तिथे शेवटी झाडंच येतील. झाडं हवी असतील तर उत्तम. पण फुलांनी भरलेलं कुरण हवं असेल, तर कुणीतरी त्या प्रवासाला मधेच अडवावं लागतं. निसर्गात हे काम चरणारी जनावरं करतात, वणवा करतो, पूर करतो, कोरडा दुष्काळ करतो. बागेत ते आपल्याला करावं लागतं.

इथे एक गंमतशीर उलटापालट आहे आणि सगळा विषय तिच्यावरच उभा आहे. कुरणात जे कापाल ते उचलून बाहेर न्यायचं. राईत, म्हणजे झाडांच्या दाटीत, जे पडेल ते तिथेच राहू द्यायचं. ज्यांच्या रानबागा फसतात, त्यांचं बहुधा हेच उलटं झालेलं असतं. कुरणात कापलेलं गवत तसंच पडून राहतं आणि झाडांखालचा पाला मात्र रोज झाडून काढला जातो.

गरीब मातीची श्रीमंती

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की चांगली माती म्हणजे काळी, भुसभुशीत, खताने भरलेली. भाजीपाल्यासाठी ते खरंच आहे. फुलांच्या कुरणाला मात्र तीच माती मारक ठरते. हे पचायला अवघड जातं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रॉथमस्टेडमध्येच दुसरा एक प्रयोग आहे, पार्क ग्रास. 1856 मध्ये जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी तो सुरू केला. त्यांना फुलांशी काही देणंघेणं नव्हतं. कुठल्या खताने गुरांसाठी जास्त वैरण मिळते, हे त्यांना शोधायचं होतं. एका जुन्या कुरणाचे पट्टे पाडले, प्रत्येक पट्ट्याला वेगळं खत दिलं, काही पट्ट्यांना काहीच दिलं नाही. बी कुठेही पेरलं नाही. दोन-तीन वर्षांतच पट्टे इतके वेगळे दिसू लागले की जणू प्रत्येकात निराळंच बी पेरलंय, असं त्या दोघांनीच नोंदवून ठेवलं.

प्रयोग अजून चालू आहे. ज्या पट्ट्यांना दीडशेहून अधिक वर्षांत कधीच खत मिळालं नाही, तिथे वनस्पतींच्या सुमारे 35 ते 45 जाती नांदतात. ज्यांना अमोनियम सल्फेटच्या रूपात भरपूर नत्र (नायट्रोजन) मिळालं आणि त्याने माती आंबटही झाली, अशा काही पट्ट्यांवर जेमतेम दोन-तीन जाती उरल्या आहेत. आंबटपणाचा वाटा यात मोठा आहे, पण नुसतं नत्र वाढलं तरी जाती घटतातच.

असं का होतं? नत्र मिळालं की काही मोजकी उंच गवतं फोफावतात. त्यांची पाती एकमेकांवर पडून खाली सावली होते. बुटक्या फुलझाडांची पानं जमिनीलगत पसरलेली असतात, त्यांना ऊन मिळत नाही आणि ती उपाशी मरतात. खताने त्यांचं थेट काही बिघडत नाही, त्यांचा जीव जातो तो उजेडावाचून. हे सिद्ध करणारा फार सुंदर प्रयोग 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी खत दिलेल्या गवताच्या आत, पात्यांच्या खाली, छोटे दिवे लावले. खत तेवढंच, गवत तेवढंच दाट, पण खालच्या रोपांना उजेड मिळाला. जाती टिकल्या. मला हा प्रयोग अतिशय आवडतो. खत दिल्यावर फुलझाडं का जातात, हा जुना वाद गवताच्या पोटात लावलेल्या त्या दिव्यांनी मिटवला.

डार्विनने हीच गोष्ट दिव्यांशिवाय पाहिली होती. तीन फूट बाय चार फुटांच्या, नेहमी कापल्या जाणाऱ्या गवताच्या तुकड्यावर त्याला वीस जाती सापडल्या. कापणं थांबवून गवत मोकळं वाढू दिलं, तेव्हा त्यातल्या नऊ जाती नाहीशा झाल्या. घरातल्या चटईएवढी ती जागा. ‘काहीच न करणं’ म्हणजे जीवसृष्टीवर उपकार, असं मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत.

तेव्हा कुरण करताना पहिलं काम खत घालण्याचं नसून मातीतला कस कमी करण्याचं असतं. आधीच मुरमाड, खडकाळ, विटांच्या तुकड्यांनी भरलेली जमीन असेल तर तुमचं नशीब चांगलं. तिथे बाहेरून काळी माती आणून टाकू नका. बांधकामानंतर उरलेल्या राडारोड्यावरही छान कुरणं होतात, कारण त्यात गवताला माजण्याइतकं काही नसतं.

जमीन कसदार असेल तर दोन रस्ते आहेत. एक झटपट पण कष्टाचा: वरचा सुपीक थर खरवडून काढायचा आणि खालच्या कसहीन मातीत बी टाकायचं. काढलेली माती भाजीच्या वाफ्यात किंवा राईच्या जागी वापरता येते. दुसरा रस्ता संथ आहे. गवत वाढू द्यायचं, कापायचं आणि प्रत्येक वेळी उचलून बाहेर न्यायचं. गवताने मातीतून ओढलेलं अन्न त्या पेंढीबरोबर बागेबाहेर जातं. नत्र या रीतीने काही वर्षांत बऱ्यापैकी उतरतं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र मातीला घट्ट धरून बसतं, त्याला दशकं लागू शकतात. म्हणून ज्या जमिनीत वर्षानुवर्षं खत पडलंय तिथे पहिल्या चार-पाच वर्षांत फुलांचा गालिचा मिळेल, अशी आशा धरू नये.

सुरुवातीला माझंही इथेच चुकलं होतं. मी गवत अगदी योग्य वेळी कापलं आणि ‘मातीचं मातीला जाऊ दे’ म्हणून तिथेच पसरून ठेवलं. पुढच्या हंगामात तिथे एकाच जातीचं कंबरभर गवत आलं. आधीच्या वर्षी दिसलेली बारीक निळी फुलं कुठेच नव्हती. गवत कुजून त्याचं खत झालं होतं आणि त्या दाट ओल्या थराखाली बारीक बियांना डोकं वर काढायला जागाच उरली नव्हती.

विळा कधी चालवायचा

कापणीची तारीख कॅलेंडरवर ठरत नाही, बियांवर ठरते. बहुतेक फुलांचं बी पिकून तपकिरी झालं, बोंडं हलवली की खुळखुळली, की वेळ झाली. थंड प्रदेशांत ही वेळ उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येते. पावसावर चालणाऱ्या प्रदेशांत पाऊस सरून गवत पिवळं पडल्यावर. कापलेलं गवत लगेच उचलू नका. दोन-तीन दिवस उन्हात वाळू द्या, एकदा-दोनदा उलटंपालटं करा. यात बी झडून खाली पडतं आणि आत दडलेल्या किड्यांना निघून जायला सवड मिळते. मग दाताळ्याने ओढून सगळं गोळा करा. दाताळ्याने जमीन थोडी खरवडली गेली तर उत्तमच. ज्या उघड्या मातीला आपण एरवी नावं ठेवतो, तीच बियांना रुजायला हवी असते.

आणि सगळं एका दिवशी कापू नका. कापणीच्या सकाळी तिथे राहणाऱ्या नाकतोड्याच्या नजरेने पाहिलं तर पूर्ण कापणी म्हणजे गावच्या गाव उठवणं आहे. एक तृतीयांश किंवा निदान एक चतुर्थांश भाग दर वर्षी उभा ठेवायचा आणि पुढच्या वर्षी जागा बदलायची. एकच भाग कायम उभा ठेवला तर तिथे झुडपं सुरू होतात.

बियांच्या पाकिटांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण इथे फार लोकांची फसगत होते. पाकिटावर लाल पॉपी, निळी कॉर्नफ्लॉवर यांचं झगझगीत चित्र असतं. पहिल्या वर्षी अगदी तसंच दिसतं. दुसऱ्या वर्षी निम्मं, तिसऱ्या वर्षी काहीच नाही. मग माणूस स्वतःला दोष देतो. खरं कारण असं, की ही कुरणातली फुलं नव्हेतच, ती शेतातली तणं आहेत. एका वर्षात जन्मून, फुलून, बी टाकून मरणारी. दर वर्षी नांगरलेली मोकळी माती मिळाली तरच ती परत येतात. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ मिरियम रॉथशील्ड (1908–2005) यांनी अशाच शेततणांच्या बियांचं एक मिश्रण तयार केलं होतं आणि त्याला ‘शेतकऱ्याचं दुःस्वप्न’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्या नावातच सगळं आलं. अशी फुलं हवी असतील तर दर वर्षी ती जागा खणा, काही हरकत नाही. पण कायमचं कुरण हवं असेल तर अनेक वर्षं जगणाऱ्या जाती लागतात, आणि त्या पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचं एक चक्र करून नुसत्या बसून राहतात. वर काही दिसत नाही, पण खाली मुळं उतरत असतात. या काळात जलद वाढणारं तण त्यांच्यावर चढतं. म्हणून पहिल्या वर्षी फुलांची वाट न पाहता दोन-चार वेळा वरचेवर कापणी करावी लागते. अर्थात, उचलूनच.

गवताचा जोर मोडायला एक मदतनीसही असतो. ज्वारीवरचा टारफुला मराठी शेतकऱ्याला चांगला माहीत आहे: स्वतः हिरवा, पण मुळं ज्वारीच्या मुळांना जोडून तिचा रस ओढणारा. युरोपातल्या कुरणांत त्याचाच एक दूरचा नातेवाईक आहे, यलो रॅटल. पिवळं फूल, आणि बी पिकलं की कोरड्या बोंडात खुळखुळ वाजतं, म्हणून हे नाव. ते आसपासच्या गवताच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढून घेतं. गवत खुरटतं, मधे जागा पडते आणि त्या जागेत फुलझाडं रुजतात. वैरण कमी होते म्हणून शेतकऱ्याला ते कधी आवडलं नाही, पण कुरण लावणाऱ्यांना त्याच्यासारखा सोबती नाही. त्याचं बी मातीत फार काळ टिकत नाही आणि थंडी लागल्याशिवाय उगवत नाही. म्हणून ते ताजंच, हिवाळ्याच्या आधी आणि खरवडलेल्या मातीवर टाकावं लागतं. मात्र ही त्याच हवामानाची वनस्पती आहे. दुसरीकडे नेऊन पेरायच्या भानगडीत पडू नये. टारफुल्यासारख्या परजीवी वनस्पती नव्या जागी काय करतील याची खात्री कुणालाच देता येत नाही.

कुरण नव्याने करता येतं, हे खरं. पण जुनं कुरण परत करता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1930 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंत नांगर आणि खत यांच्यामुळे सखल भागातली सुमारे 97 टक्के जुनी फुलकुरणं गेली. म्हणून एक कळकळीची विनंती. तुमच्या ताब्यात जुना गवताळ माळ असेल, तर ‘ओसाड आहे, झाडं लावूया’ असं म्हणण्याआधी किमान एक वर्ष तिथे काय काय उगवतं ते पाहा. माळाला ओसाड म्हणायची आपल्याला सवय लागली आहे. झाडाच्या सावलीखाली तिथलं सारं गवत, त्यातली कंदवर्गी फुलं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सगळं नाहीसं होईल आणि आपण मात्र हिरवळ वाढवली या समाधानात राहू.

राई

आता बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. इथे नियम उलटा, आणि पुष्कळ सोपा.

राई म्हणजे नुसती झाडं नव्हेत. वर उंच झाडांचं छत, त्याखाली मध्यम उंचीची सावली सोसणारी झाडं, मग झुडपं, वेली, जमिनीलगतची रोपं आणि सगळ्यात खाली पालापाचोळा. यातला शेवटचा थर झाडून काढला की वरचे सगळे थर हळूहळू उपाशी पडतात. पडलेल्या पानांत झाडाने मातीतून घेतलेले क्षार असतात. बुरशी आणि सूक्ष्म जीव ते कुजवतात, गांडुळं, वाणी त्यांचा भुगा करतात आणि झाडाला ते परत मिळतं. राईला बाहेरचं खत लागत नाही ते याचमुळे.

पडलेल्या लाकडाचंही तसंच. वठलेलं झाड दिसलं की आपला हात कुऱ्हाडीकडे जातो. पण युरोपातल्या जंगलांच्या अभ्यासातून असं दिसतं की तिथल्या साधारण 20 ते 25 टक्के जाती आयुष्याच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मेलेल्या लाकडावर अवलंबून असतात. भुंगेरे, बुरशा, शेवाळ, ढोलीत राहणारे पक्षी. घरावर किंवा वाटेवर पडण्याची भीती नसेल तर वठलेलं खोड उभंच ठेवा. भीती असेल तर कापून तिथेच आडवं टाका.

वर्षभर पडून राहिलेला एक ओंडका सावकाश उलटा करून पाहा. खालची बाजू ओली आणि काळपट असते. बुरशीचे पांढरे धागे सालीवरून मातीत उतरलेले दिसतात, तांदळाच्या पिठाची रेघ ओढावी तसे. वाणी अंगाचं वेटोळं करून पडून राहतो. भुंगेऱ्याची पांढरी जाड अळी आपल्याच भुशाच्या बोगद्यात अर्धी दिसते, अर्धी नाही. गोम क्षणात नाहीशी होते. हे सगळं बघून झालं की ओंडका जसा होता तसाच, त्याच बाजूवर ठेवायचा. ते छप्पर आहे त्यांचं.

राई लावायची कशी, यावर मतं अनेक आहेत. जपानी वनस्पतीशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (1928–2021) यांची पद्धत जगभर पसरली आहे. देवळांभोवती जपलेल्या जुन्या राया पाहून त्यांनी त्या जागेचं मूळ रान कसलं असेल हे ठरवलं, आणि त्यातल्या अनेक जातींची रोपं मिसळून, एका चौरस मीटरला तीनच्या आसपास अशी दाट लावली. दाटीमुळे रोपं उजेडासाठी वर धावतात आणि काही वर्षांत छत तयार होतं. छोट्या जागेत आडोसा हवा असेल, माती मेलेली असेल, तर ही पद्धत उपयोगी आहे. मात्र ती खर्चिक आहे, बरीच रोपं चढाओढीत मरतात, आणि मूळच्या गवताळ प्रदेशात ती चुकीचीच आहे. माझ्या मते तिची खरी शिकवण दाट लावण्यात कमी आणि लावण्याआधी ‘इथलं मूळ रान कोणतं?’ हा प्रश्न विचारण्यात जास्त आहे.

घाई नसेल तर त्याहून स्वस्त माळी आहेत. पक्षी फळं खाऊन बिया टाकतात, खारी बिया पुरून विसरतात, वारा आणतोच. आसपास जुनी झाडं असतील तर रोपं आपोआप येतात. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समधल्या नेप या सुमारे 1400 हेक्टरच्या जमीनदारीत 2001 पासून शेती टप्प्याटप्प्याने बंद करून गाई, घोडे, डुकरं आणि हरणं मोकळी सोडली. तिथे काटेरी झुडपं माजली, तेव्हा शेजारच्यांना ती जमीन उजाड वाटली. पण त्या काट्यांच्या आतच ओकची रोपं जनावरांच्या तोंडापासून सुरक्षित वाढली, आणि नाइटिंगेल पक्ष्यांनीही त्याच झुडपांत घरटी केली. आपल्या बागेत जनावरं नसतील, पण काट्याच्या जाळीत उगवलेलं रोप दिसलं तर जाळी साफ करू नका.

रोपं लावायचीच तर लहान लावा. गुडघ्याएवढं रोप पैशाने आणि श्रमाने स्वस्त असतंच, शिवाय त्याची मुळं नव्या मातीत लवकर सावरतात. पुरुषभर उंचीचं झाड उपटून लावलं की त्याची बरीच मुळं मागे राहिलेली असतात. ते काही वर्षं नुसतं तग धरून राहतं आणि तेवढ्यात लहान रोप त्याला गाठतं. ओळीत लावू नका. कुठे तीन-चार जवळजवळ, कुठे मोकळी जागा. पहिली तीन वर्षं रोपाभोवती हातभर वर्तुळात गवत येऊ देऊ नका, कारण लहान रोपाला पाण्यासाठी सगळ्यात मोठी स्पर्धा गवताचीच असते. तिथे पाल्याचा जाड थर द्या, पण खोडाला टेकवू नका.

जाती निवडताना फुलांच्या रंगाआधी पानं कोण खातं ते विचारा. हे ऐकून बागकाम करणारे दचकतात, कारण कुरतडलेलं पान म्हणजे रोग असं आपण मानतो. पण बागेतल्या बहुतेक पक्ष्यांची पिल्लं बियांवर वाढत नाहीत, अळ्यांवर वाढतात. अमेरिकेतल्या चिमणीहूनही लहान चिकडी पक्ष्याच्या जोडीला एका खेपेची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. आणि अळ्या चोखंदळ असतात. ज्या झाडांबरोबर त्या हजारो वर्षं राहिल्या त्यांचीच पानं बहुतेकींना पचतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉशिंग्टन परिसरातल्या घरांच्या बागा पाहिल्या. जिथे बाहेरच्या जातींच्या झाडांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर गेलं, तिथे चिकडींची संख्या टिकवण्याइतकी पिल्लं होत नव्हती. बाग हिरवीगार, पण पिल्लांच्या पोटाला काही नाही.

म्हणून शक्यतो त्याच भागातल्या जाती, आणि शक्य असेल तर बीसुद्धा तिथलंच. एक अपवाद वगळता बाहेरून आलेल्या एखाददुसऱ्या झाडाचा मी बाऊ करत नाही. तो अपवाद म्हणजे पसरणाऱ्या जाती. घाणेरी एके काळी शोभेचं झुडूप म्हणून बागांमधून जगभर गेली आणि आज कितीतरी देशांतली जंगलं तिने व्यापली आहेत. युरोपात जपानी नॉटवीडचं तेच झालं. अशा जाती मुळासकट, बी धरण्याच्या आधी काढायच्या. इथे दयामाया नको, आणि ‘निसर्गालाच ठरवू दे’ हेही नको, कारण तो पेच माणसानेच घातलेला आहे.

कड

कुरण आणि राई यांच्यामधली कड ही बागेतली सगळ्यात गजबजलेली जागा असते, तरी बहुतेक जण तिथे सरळ रेघ ओढून मोकळे होतात: इथे गवत, इथे झाड. ती रेघ पुसून टाका. उंच झाडांपुढे झुडपं, झुडपांपुढे उंच फुलझाडं, मग गवत, असा उतार करा. आणि कड नागमोडी ठेवा, म्हणजे आतल्या वळणांत वारा अडतो आणि ऊन साचतं. थंड सकाळी फुलपाखरं पंख उघडून बसतात ती अशाच वळणात. कडेचा एक एक तुकडा दर तीन-चार वर्षांनी आळीपाळीने छाटावा लागतो, नाहीतर राई कुरणात चालत येते.

या कडेला, उन्हाच्या बाजूला, हातभर रुंदीची उघडी मातीही ठेवा. जगात मधमाश्यांच्या सुमारे 20,000 जाती आहेत. त्यातल्या बहुतेक एकट्या राहतात, पोळं करत नाहीत, आणि साधारण 70 टक्के जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. पेन्सिलीच्या जाडीचं भोक, भोवती चाळल्यासारख्या मातीचं छोटं वारूळ. आच्छादनाने सगळी माती झाकली तर त्यांना घरच उरत नाही.

शेजाऱ्यांचा प्रश्न राहतोच. रानबागेला ‘रान माजलंय’ हे ऐकावंच लागतं. त्यावर अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्ट जोन नासॉअर यांनी 1995 मध्ये मांडलेला उपाय मला फार व्यवहारी वाटतो: अस्ताव्यस्त निसर्गाला नीटनेटकी चौकट द्या. कुरणाच्या कडेने दोन फुटांची पट्टी नियमित बारीक कापा. मधून एक स्वच्छ पायवाट काढा. कुंपण सरळ ठेवा. एवढ्याने पाहणाऱ्याला कळतं की इथे कुणाचा तरी हात फिरतो, हे दुर्लक्ष नाही. पायवाटेचा दुसरा फायदा असा, की तुम्ही रोज आतपर्यंत जाता, आणि गेल्याशिवाय दिसत नाही.

पाहण्यासाठी एक सवय लावून घ्या. चार काठ्या जोडून एक मीटरची चौकट करा, ती दर वर्षी त्याच हंगामात त्याच जागी ठेवा आणि आत किती प्रकारची पानं आहेत ते मोजा. नावं माहीत नसली तरी चालेल. ‘केसाळ पानाचं’, ‘त्रिकोणी देठाचं’ अशी आपली नावं द्या. आकडा वाढत असेल तर कापणी बरोबर चालली आहे. एकच गवत चौकट भरून टाकत असेल तर पुढच्या वर्षी एकदा जास्त कापा आणि उचला.

हंगामाच्या शेवटी कडेची उंच फुलझाडं वाळून तपकिरी होतात. ती मुळापासून काढू नका. वाकून त्यांच्या पोकळ देठांची तोंडं पाहा. एखाद्या देठाच्या तोंडाशी चिखलाचं गोल बूच लावलेलं असतं, एखाद्यात हिरव्या पानाच्या कातरलेल्या चकत्या कोंबलेल्या असतात. आत एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांनी केलेल्या एकामागे एक छोट्या खोल्या आहेत, प्रत्येकीत परागाचा गोळा आणि एक पिल्लू. असे देठ गुडघ्याच्या उंचीवर कापायचे, खालचा भाग तसाच उभा ठेवायचा, आणि पुढच्या फुलांच्या हंगामात ती बुचं आतून फोडली गेली आहेत का ते येता-जाता बघायचं.